तीन इंच मनात

केवळराम मिस्त्रीनं कुडव्यात लहानमोठी एकोणतीस घरं बांधली आणि प्रत्येक घरमालकाला एकच सल्ला दिला, "रंग मंग लावजा, आधी जाली लावा." तिसावं घर त्याचं स्वतःचं. त्याच्या दाराला जाळी नव्हती. त्याची बायको नीला दर पावसाळ्यात विषय काढायची आणि तो दर पावसाळ्यात म्हणायचा, "हातातलं काम झालं का लावतो." मागच्या सप्टेंबरात डेंगूनं तो सहा दिवसांत गेला, तेव्हाही हातात काम होतंच. ज्याचं काम होतं तो माणूस मातीला आला, हात जोडून उभा राहिला आणि जाताना भिंत अर्धवट राहिली म्हणून हळहळला. त्यात दुष्टपणा काही नव्हता. भिंत खरंच अर्धवट होती.

जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी धूर मारणारी गाडी गल्लीत आली. जिथं माणूस गेला त्या घराला मान म्हणून तिनं दोन फेऱ्या जास्त मारल्या. गल्लीतले सगळे मच्छर धुराला कंटाळून नीलाच्या घरात येऊन बसले. जाळी नव्हती, म्हणून आत यायला त्यांना काही त्रास झाला नाही.

नीला तीस वर्षांपासून बिड्या वळते. नवरा गेल्यावरही ती पंधराव्या दिवशी सूप मांडीवर घेऊन बसली. ती फारशी रडली नाही, फारशी बोलली नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. मुलगी रीना बिरसीला दिलेली, तिला पुढच्याच महिन्यात दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. पण रीनाच्या सासूनं, मंदाबाईनं, सातव्या महिन्यातच फोन करून सांगितलं, "नीलाबाई, राग नोका मानू. ज्या घरात डेंगूनं माणूस गेला त्या घरात मी पोटुशी पोरगी पाठवत नाई."

मंदाबाई बावीस वर्षांपासून अंगणवाडी सेविका. साचलेलं पाणी, डबकी, मच्छर यांच्यावर तिनं जेवढी भाषणं दिली असतील तेवढी निवडणुकीतही होत नाहीत. नीलाला राग आला, पण मानता आला नाही, कारण बाई खोटं काहीच बोलली नव्हती. बाळंतपण सासरी झालं. मुलगा झाला. नीला जाऊन त्याला पाहून आली. तो तिच्या मांडीवर बरोबर दहा मिनिटं राहिला, मग बसची वेळ झाली.

बाळ पंचवीस दिवसांचं झालं तेव्हा मंदाबाईचा पुन्हा फोन आला.

"जाली लावा, महिनाभर ठेवतो मी पोरीले अन् पोट्ट्याले तुमच्याकडं. खिडक्यायले बी, दारायले बी. इतवारी मी सोता घेऊन येतो. जाली बराबर दिसली तं ठेवीन. नाई तं चहा पिऊन सगळे वापस."

"अन् चहा कायले पेता मंग?" नीला म्हणाली.

"इहिनीच्या घरचा चहा कोणी सोडते का?" मंदाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा कुठं संपते आणि नियम कुठं सुरू होतो हे बिरसीतही कोणाला कळलेलं नव्हतं.

तो मंगळवार होता. नीलानं त्याच दिवशी दोन्ही खिडक्यांना हिरवी नायलॉनची जाळी खिळे मारून बसवली. मागच्या दाराला तिनं कुलूप लावून टाकलं आणि फटीत जुनं लुगडं कोंबलं. उरलं पुढचं दार. त्याला नुसती जाळी ठोकून भागत नाही, कारण माणसाला आतबाहेर करावं लागतं. लोखंडी चौकटीचं, कब्जावर म्हणजे बिजागरीवर फिरणारं, आपोआप लागणारं जाळीचं दार पाहिजे. आणि त्याला माप पाहिजे.

खुंटीवर केवळरामची पिशवी तशीच होती. थापी, ओळंबा, सुतळीचा गुंडा, आणि टेप. वर्षभरात नीलानं पिशवीवरची धूळ झटकली होती, पिशवी उघडली नव्हती. आता उघडली. टेप ओढला तसा तो तीनपासून सुरू झाला.

तो तसाच होता. कधी काळी फळी पडून टेपचे पहिले तीन इंच तुटले होते. केवळरामनं नवा टेप घेतला नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, हेच घर मोजताना, त्यानं टेपचं टोक नीलाच्या हातात दिलं होतं आणि इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला होता, "मिस्तरीचा टेप तुटका हाय हे लोकायले समजलं तं काम कोण देईन? जे माप येईल त्यातून तीन कमी कराचे. तीन इंच मनात ठेव. हे फक्त तुले सांगून राहिलो." केवळराम कमी बोलणारा माणूस. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यानं 'फक्त तुले' म्हणून जेवढ्या गोष्टी सांगितल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजून दोन बोटं उरली असती. नीलानं ते तीन इंच कोणालाच सांगितले नव्हते. सख्ख्या बहिणीलाही नाही.

तिनं दार मोजलं. रुंदी टेपवर एकोणचाळीस. तीन मनात, छत्तीस. स्टुलावर चढून उंची मोजली. चौऱ्याऐंशी. तीन मनात, एक्याऐंशी. दोन वेळा मोजलं, दोन्ही वेळा तेच आलं. पत्र्याच्या फर्म्यावर तेंदूपत्ता कापण्यात जिची तीस वर्षं गेली तिच्या हातून माप चुकत नाही. तिनं बिडीच्या लेबलामागं दोन आकडे लिहिले आणि दुर्गेशला फोन लावला.

दुर्गेश आधी केवळरामच्या हाताखाली होता, मग वेल्डिंग शिकला. मिस्त्री गेल्यापासून तो या घरी आला नव्हता. रस्त्यात भेटला की "काकू, येतो एखाद्या दिवशी" म्हणायचा आणि गाडीची किक मारायचा, चालू गाडीलासुद्धा.

"जालीचा दरवाजा पायजे. शनिवारपर्यंत."

"मी येतो ना काकू मोजाले. एका राइस मिलच्या शेडवर हावो, दोन दिवसानं..."

"दोन दिवस कोणाजवळ हायेत? म्या मोजलं. मिस्तरीची बायको हावो का नाई मी? लिहून घे. रुंदी छत्तीस, उंची एक्याऐंशी."

पलीकडं ग्राइंडर चालू होतं, ते बंद झालं.

"कोणत्या टेपनं मोजलं, काकू?"

"यायच्याच टेपनं. घरात दुसरा टेप हाय कुठं?"

दुर्गेशनं फोन तोंडाजवळ घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बरं. समजलो."

"काय समजला?"

"समजलो ना काकू. तुमी टेन्शन नोका घेऊ." आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झालं.

शनिवारी दिवसभर लाइन नव्हती, वेल्डिंग अडलं. दार आलं रविवारी सकाळी नऊला, शालीकरामच्या ऑटोला बांधून. मागं मावेना, टपावर राहीना, म्हणून दुर्गेशनं ते ऑटोच्या एका बाजूला उभं बांधलं होतं. झालं असं की शालीकरामला ज्या बाजूनं उतरायचं त्याच बाजूला दार आलं. घरासमोर ऑटो थांबली. शालीकरामनं आतून एका बाजूची दोरी सोडली, जाळीचं दार उघडलं, उतरला आणि सवयीच्या माणसासारखं मागं लावून घेतलं.

"वहिनी, असा दरवाजा असन तं सत्तर किलोमीटरचं भाडं दिलं तरी घेतो," तो म्हणाला. "एक मच्छर नाई आला आत."

दुसरी बाजू पूर्ण उघडी होती, पण ते त्याला कोणी सांगितलं नाही.

दुर्गेशनं उंबरठ्याबाहेर चपला काढल्या. काम उंबरठ्यावरच होतं, आत जायचं नव्हतं, तरी काढल्या. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी केवळरामचा फोटो होता. त्याच्याकडं न पाहता त्यानं दार उचललं आणि चौकटीत उभं केलं.

दार चौकटीत उभं राहिलं ते मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखं. कब्जाच्या बाजूला टेकवलं तर दुसऱ्या बाजूला तीन इंच मोकळे. वर तीन इंच मोकळे. शेजारच्या कोंबडीचं एक पिल्लू त्या फटीतून आत आलं, खोलीभर नजर टाकली, आणि आलं तसं गेलं.

घड्याळात सव्वानऊ. मंदाबाई अकराला येणार होती.

"म्या छत्तीस सांगतलं होतं," नीला म्हणाली.

"हो. सांगतलं होतं."

"हे छत्तीस होय?"

"तेहतीस होय."

"तेहतीस काऊन बनवलं रे? छत्तीस सांगतलं तं तेहतीस काऊन?"

दुर्गेश फरशीकडं पाहत राहिला. "काकू, तुमाले मालूम नाई. त्या टेपचे पयले तीन इंच तुटले हायेत. जे माप येते त्यातून तीन कमी करा लागते. मिस्तरीनं कामाच्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं. म्हणाले, कोणाले सांगू नोको. तीन इंच मनात ठेव. फोनवर वाटलं, सांगू का नोको. मंग म्हटलं, त्यायनं घरात नाई सांगतलं तं म्या कायले सांगू? म्याच कमी करून घेतो."

नीला ओट्यावर बसली.

"फक्त तुले सांगतलं?"

"फक्त मले."

तिला वाटलं आपल्याला हसू येईल. आलं नाही. एका वर्षात तिनं त्या माणसाशी भांडण केलं नव्हतं; मेलेल्या माणसाशी काय भांडायचं. आता पहिल्यांदा तिला त्याला समोर बसवून विचारावंसं वाटलं की, काहो, माझ्याजवळ तुमचं म्हणून एवढंच होतं, तेही वाटून टाकलं?

"मले बी सांगतलं होतं," ती म्हणाली. "म्या कमी करूनच छत्तीस सांगतलं."

दुर्गेशनं पहिल्यांदा मान वर केली. त्याचा चेहरा कोणी थापी मारल्यासारखा झाला.

मागं शालीकराम खाकरला. ऑटो घेण्याआधी तो दोन उन्हाळे केवळरामच्या हाताखाली विटा वाहायला होता, हे आता सगळ्यांना एकदमच आठवलं.

"वहिनी," तो म्हणाला, "सांगू का नोको समजून नाई राहिलं. पण मले वाटे, फक्त मलेच मालूम हाय."

ओट्यावर तीन माणसं होती आणि प्रत्येकाच्या मनात तीन तीन इंच. एकानं दुसऱ्याला एकदा विचारलं असतं तर दार बरोबर आलं असतं. पण विचारलं कसं असतं? गुपित ठेवायला सांगितलं होतं आणि तिघांनीही ते इमानानं ठेवलं होतं.

"नवा पाइप जोडतो," दुर्गेश म्हणाला आणि लगेच स्वतःच म्हणाला, "इतवार हाय. दुकान बंद."

"प्लायवूड?" शालीकराम.

"ते बी त्याच दुकानात."

"पुठ्ठा लावून दे."

"शालीकभाऊ, पोट्टं येऊन राहिलं घरी. पुठ्ठ्यातून चार दिवसात उंदीर निंगन."

नीला आतल्या भिंतीकडं पाहत होती. भिंतीला दोन खिळ्यांवर आडवी टेकवलेली केवळरामची पट्टी होती. भिंत सरळ उठली की नाही हे पाहायची, सागवानी, दहा फूट लांब. सगळे मिस्त्री आता अॅल्युमिनियमची वापरतात. केवळरामनं ही पट्टी शेवटपर्यंत सोडली नाही. तिच्यावर कोणी ओला टॉवेलसुद्धा टाकायचा नाही. दुर्गेशनं एकदा ती ओलांडली होती तेव्हा पाठीत धपाटा बसला होता.

दुर्गेशला नीलाची नजर कळली. "नाई काकू. ते नाई."

"रुंदी किती हाय तिची?"

"काकू, पाया पडतो."

"रुंदी किती हाय म्हणतो मी."

नीलानं पट्टी काढली. एकटीनं दोन्ही हातांत धरून दारापर्यंत आणली. या वेळी तिनं टेप घेतला नाही. पट्टी तिरपी धरून तिचं टोक सरळ फटीत घातलं. ती आत बसली. इकडं नाही, तिकडं नाही, जशी काही तीन इंच मनात ठेवणाऱ्या माणसानं तीन इंच भिंतीवरही ठेवून दिले होते.

मग पट्टी चौकटीला उभी लावून वरच्या टोकाशी तिनं नखानं खूण केली. पिशवीशेजारची आरी काढली. दुर्गेशनं हात पुढं केला. तिनं आरी दिली नाही. तेंदूपत्ता कापताना बसते तशी ती एक पाय दुमडून बसली, पट्टीवर दुसरा पाय ठेवला आणि कापायला लागली. सागवान जुनं होतं. बराच वेळ लागला. शालीकराम रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की डोळ्यात भुसा गेला. भुसा त्याच्यापासून दहा फूट लांब होता.

एक तुकडा उभा लागला. उरलेल्यातून वरचा आडवा कापला. मागं सहा इंचांचं लाकूड राहिलं, ते नीलानं पिशवीत टाकलं. दुर्गेशनं स्क्रू मारले, कब्जे बसवले, स्प्रिंग ताणली, खाली रबराची पट्टी लावली. अकराला दहा कमी असताना दार उघडलं आणि सोडलं. धाडकन लागलं. कुठं अडकलं नाही.

मंदाबाई अकराला आली. गाडीत पुढं तिचा नवरा रामलाल, मागं रीना आणि तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. "जय भीम" झाला. रीना उतरायला लागली तर मंदाबाई म्हणाली, "बस तू गाडीतच. आधी पाहू दे."

तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत तांदूळ होते.

"चिन्नोर होय," ती गंभीरपणे म्हणाली. "बारीक. जिथून चिन्नोर जाते तिथून मच्छर जाते."

आणि तिनं एकेक दाणा घेऊन दाराची कड तपासायला सुरुवात केली. खालून वर. प्रत्येक दोन बोटांवर दाणा टेकवायचा, ढकलायचा, नाही गेला तर पुढं. रामलाल गाडीला टेकून होता. "आमच्या घरी एक एक फट अशीच तपासली हिनं," तो शालीकरामला म्हणाला. "आता हवा बी विचारून येते."

नीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. गाडीच्या काचेतून तिला टॉवेलाबाहेर आलेली एक मूठ दिसत होती. एवढीशी मूठ. दाणा अडकत होता, पुढं जात होता, अडकत होता.

"हे लाकूड जुनं काऊन लावलं?" मंदाबाईनं विचारलं. तिच्या बोटाखाली सिमेंटचे डाग होते.

"यायचं होय," नीला फोटोकडं पाहत म्हणाली.

मंदाबाईचं बोट त्या डागावर थोडा वेळ थांबलं. मग तिनं पुढचा दाणा घेतला. कीव केली नाही. नियम म्हणजे नियम. स्टूल मागवलं, वर चढली. जिथं उभा तुकडा आणि आडवा तुकडा एकमेकांना भेटत होते तिथं तिनं दाणा टेकवला. दाणा आत गेला आणि घरातल्या फरशीवर पडला. एवढासा आवाज, पण सगळ्यांना ऐकू आला.

"इथून जाते," मंदाबाई म्हणाली. तिचाही आवाज उतरला होता. "नीलाबाई, इथून जाते."

दुर्गेशनं डोक्याला हात लावला. रीनानं काचेवर हात ठेवला. मंदाबाई स्टुलावरून उतरली आणि गाठ बांधायला लागली.

"थांबा," नीला म्हणाली.

ती आत गेली आणि सुपातलं एक भिजवलेलं पान घेऊन आली. स्टुलावर चढली. पान दोनदा दुमडलं, चिमटीत वळलं, फटीत सरकवलं आणि करंगळीच्या नखानं त्याच्या कडा आत मोडल्या, बिडीचं तोंड मिटतात तशा. दिवसाला हजार वेळा हे केलेलं बोट ते. वेळ लागला नाही. उतरून बाजूला झाली.

मंदाबाईनं पुन्हा गाठ सोडली, पुन्हा वर चढली. दाणा टेकवला, ढकलला. दाबून ढकलला. दुसरा दाणा घेतला. तो तुटला, पण आत गेला नाही.

"पान वाळलं का बदलजा," ती म्हणाली.

"रोजच बदलवीन. पान तं रोजच येते घरी, मापानंच."

मंदाबाई खाली उतरली, गाडीकडं वळली. "रीना, उतर वो. जाली बराबर हाय." मग नीलाकडं पाहून, "अन् चहा ठेवा. बसून प्याचा चहा आता, वापस जायचा नाई."

दुपारी सगळे गेले. जाताना मंदाबाईनं एक वही दिली, दर इतवारी बाळाची लांबी मोजून लिहायची म्हणून. दुर्गेश चहा पिताना पहिल्यांदा घरात बसला, फोटोकडं पाहिलं, आणि कोणाला न सांगता कप धुऊन ठेवून गेला.

बाळ मात्र रडायला लागलं. "तिकडं शिकाऊ विमानं जातेत ना वरून," रीना म्हणाली. "त्याच आवाजात झोपते हा. इथं कुठून आणाचं विमान?" नीलानं उठून जाळीचं दार उघडलं आणि सोडलं. धाड. बाळ चूप झालं. पुन्हा उघडलं, सोडलं. तिसऱ्या धाडीला ते झोपलं.

मग नीलानं पिशवीतून टेप काढला. झोपलेल्या बाळाचे पाय हळूच सरळ केले, टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरला. चोवीस. तीन मनात.

"एकवीस लिही," ती म्हणाली.

रीनानं टेपकडं पाहिलं. मग वहीत लिहिलं. नीलानं वाकून पाहिलं. अठरा लिहिलं होतं.

"अठरा काऊन?"

रीना एकदम गोंधळली. दाराकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला. "आई, तुले मालूम नाई. तो टेप तुटका हाय. मी पाचवीत होती तवा बाबानं सांगतलं होतं. कोणालेच सांगू नोको म्हणाले. आईले बी नाई. फक्त मले..." ती रडायला लागली. वर्षभर सासरी, पोटात पोर घेऊन, तिला बापासाठी नीट रडायला कोणी घर दिलं नव्हतं.

नीलानं तिला रडू दिलं. मग वही ओढून घेतली, अठरा खोडलं, एकवीस लिहिलं.

"म्या आधीच कमी केले वो तीन," ती म्हणाली.

"म्हणजे तुले मालूम होतं? तुले बी सांगतलं होतं त्यायनं?"

बाहेर कोणीतरी ऑटो सुरू करत होतं. जाळीतून संध्याकाळचा उजेड फरशीवर बारीक चौकोनांचा पडला होता, आणि त्यात मंदाबाईचा एक चिन्नोरचा दाणा तसाच पडलेला होता.

"मले कायले सांगतीन?" नीला टेप गुंडाळत म्हणाली. "झोपेत बडबडले होते एक खेप, तवा आयकलं. सांगतलं तं त्यायनं फक्त तुलेच."